बिनहिवाळ्याचं अंगण

सिंगापुरात बहुतेक लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, उंच इमारतींत राहतात. तिथे झाड म्हणजे कॉरिडॉरमधली कुंडी. ज्यांचं घर जमिनीवर आहे, ज्याला इथे ‘लँडेड’ म्हणतात, अशी कुटुंबं थोडी. त्यांच्याकडेही अंगण म्हणजे गाडीच्या जागेला लागून असलेली मातीची पट्टी. तिच्यात मोठं झाड एक बसतं, फार तर दोन. ते कोणतं असावं हे ठरवायला मदत करणं आणि ते लावून घेणं हा माझा व्यवसाय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकले, काही वर्षं आंबा-काजूच्या बागांवर काम केलं आणि लग्नानंतर इथे आले.

जागा किती, ऊन कुठून येतं, पाण्याचा निचरा कसा आहे, हे प्रश्न मी विचारते तेव्हा लोक उत्तरं देतात. पण त्यांच्या मनात झाड आधीच ठरलेलं असतं. कोरियाहून आलेल्या कुटुंबाला पर्सिमन हवं असतं, इराणच्या गृहस्थांना पिस्ता, आपल्या माणसांना हापूस. ही मागणी मला कधीच भाबडी वाटली नाही. ज्या झाडाखाली माणूस लहानाचा मोठा झाला ते झाड त्याला पुन्हा दाराशी हवं असणं मला पूर्ण समजतं. त्यामुळे ‘नाही’ म्हणायची वेळ आली, तर का नाही हे झाडाच्या बाजूने नीट सांगता आलं पाहिजे, असं मी ठरवून टाकलं आहे.

गैरसमज होतो तो थंडीबद्दल. रोपाच्या माहितीत ‘कडाक्याची थंडी सोसणारं’ असं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला वाटतं, बर्फात टिकणारं झाड इथल्या उबेत तर जोमाने फोफावेल. सफरचंद, अक्रोड, पिस्ता, चेरी ही झाडं थंडी सोसतात हे खरंच. पण शेकडो पिढ्या थंडीत काढल्यावर त्यांना ती लागायलाही लागली. उन्हाळ्यात धरलेले फुलांचे डोळे ती झाडं मिटून ठेवतात आणि 7 अंशांच्या खालचे पुरेसे तास अंगावरून गेल्याशिवाय उघडत नाहीत. जानेवारीत चार दिवस ऊब आली म्हणून फसून फुलली आणि मागून हिमकण पडले तर सगळा बहर जळून जाईल, त्यापासूनचं हे संरक्षण आहे. बहुतेक जुन्या सफरचंदांना असे 800 ते 1,200 तास लागतात, अक्रोडालाही साधारण तितकेच. बदामाचं 300 ते 500 तासांत भागतं. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम 137 किलोमीटरवर. इथे आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 19.4 अंश, तेही जानेवारी 1934 मधलं. म्हणजे सफरचंदाच्या हिशेबाचा एक तासही इथल्या नोंदीत कधी भरलेला नाही.

बुकित तिमाहच्या बाजूला एका जोडघरात मी गेले होते. मुलगा सिमल्याजवळच्या कोटगढचा, सून चिपळूणची, आणि मुलाची आई, अम्माजी, नुकत्याच कायमच्या राहायला आलेल्या. कोटगढ म्हणजे हिमाचलातल्या सफरचंदांचं माहेर. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून येऊन तिथेच स्थायिक झालेल्या माणसाने 1916 मध्ये त्या भागात रेड डेलिशसची कलमं लावली आणि डोंगरांची अर्थव्यवस्थाच बदलली. अम्माजींच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे बागा. त्यांनी माझ्यासमोर दोनच नावं ठेवली होती, सफरचंद किंवा अक्रोड, आणि त्यांतलं बरं कोणतं एवढंच मी सांगायचं होतं.

सून मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, त्यांना एकदम नाही म्हणू नका. घर बंद करून आल्यात त्या.”

घराच्या मागच्या दाराशी मोठ्या कुंडीत एक सफरचंदाचं झाड होतंच. मुलाने आईसाठी आधी आणून ठेवलेलं. जात ‘अ‍ॅना’, कमी थंडीत येणारी म्हणून प्रसिद्ध. मी अम्माजींसोबत त्या झाडापाशी बसले. लांब, बारीक फांद्या, शेंड्यावर पानांचा झुबका आणि खाली हातभर काठी उघडी. त्या उघड्या भागावर डोळे होते, पण मिटलेले. एक डोळा मी नखाने सोलून दाखवला. आत हिरवं, ओलं, जिवंत. अम्माजींनी स्वतः आणखी दोन-तीन सोलून पाहिले. झाड मेलं नव्हतं आणि आजारीही नव्हतं. बाजूच्या डोळ्यांना उघडायची खूण मिळत नव्हती, म्हणून वाढ फक्त शेंड्याला होत राहिली होती. ‘अ‍ॅना’लासुद्धा दोन-तीनशे तास थंडी लागते.

“तिकडे आमच्याकडे हल्ली बर्फ पडत नाही तेव्हा असंच होतं,” त्या म्हणाल्या. “खालच्या गावांनी सफरचंद काढून डाळिंब लावलंय.”

हे मला वाचून ठाऊक होतं. हिमाचलातला सफरचंदाचा पट्टा हिवाळे उबदार होत गेले तसा वर वर सरकतो आहे. त्याच राज्यात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी सखल, उष्ण भागात फळणारं ‘एचआरएमएन-99’ हे वाण निवडून काढलं, ज्यासाठी 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ज्या बाईने डोळ्यांदेखत बर्फ कमी होताना पाहिला, तिच्या तोंडून ते ऐकणं वेगळं होतं. आपल्या कोकणातही डिसेंबरच्या रात्री गार पडल्या नाहीत की हापूस मोहराऐवजी पालवी काढतो, आणि बागायतदार आकाशाकडे बघत राहतो. त्या दुपारी आम्ही दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो.

मुलाने रास्त प्रश्न विचारला. इंडोनेशियात तर सफरचंद होतं, मग इथे का नाही? होतं, पूर्व जावातल्या बातू गावाच्या परिसरात. पण ते डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सात-आठशे मीटर आणि त्याहून वर. रात्री तिथे गारवा असतो. तेवढ्यानेही भागत नाही, म्हणून काढणीनंतर मजूर झाडाचं पान न् पान हाताने ओरबाडून काढतात. पानं गेली की नुकतेच तयार झालेले डोळे गाढ झोपेत जायच्या आधीच फुटतात, आणि वर्षातून दोनदा फळ घेता येतं. सिंगापुरातली सर्वांत उंच टेकडी बुकित तिमाह, 164 मीटर. नुसतं पान काढून इथे काम होत नाही.

या सगळ्यातून मला जे उमगत गेलं ते दख्खनच्या शेतकऱ्याला केव्हाचं माहीत आहे. सांगोल्याचा डाळिंबवाला किंवा पुरंदरचा अंजीरवाला झाडाला ताण देतो. पाणी तोडतो, पान गळू देतो, मग छाटणी, खत आणि भरपूर पाणी देऊन बहार धरतो. तिथे सफरचंदाला लागते तशी थंडी नाही, तरी झाडाच्या वर्षात एक थांबा पाडता येतो. बहुतेक फळझाडांना असा थांबा लागतो. कुणाला तो गारठ्याने मिळतो, कुणाला कोरडेपणाने. सिंगापुरात कोणतं झाड लावावं याचा विचार मी आता इथूनच सुरू करते. या बेटाच्या वर्षात कोणता ताण आहे, आणि तो कोणत्या झाडाला कळतो?

ताण आहे, पण हलका. वर्षाला सुमारे 2,100 मिलिमीटर पाऊस पडतो. दापोलीला याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो आणि मग आठ महिने आकाश कोरडं. इथे तो बारा महिन्यांत विखुरलेला. त्यातल्या त्यात फेब्रुवारी कोरडा. तेवढ्या दोन-तीन आठवड्यांच्या कोरडेपणावर इथली निम्मी फळझाडं आपलं वर्ष बांधतात. ड्युरियन, रांबुतान, आंबा सगळे त्यानंतर फुलोऱ्यावर येतात. रस्त्याकडेच्या ट्रम्पेट ट्रीचा गुलाबी बहर पाहून लोक त्याला सिंगापूरचा साकुरा म्हणतात. तोही कोरड्या दिवसांनंतरच्या पावसाचा.

गारव्याला प्रतिसाद देणारंही इथे काही आहे, आणि ते मी अम्माजींना मुद्दाम सांगितलं. रेन ट्रीच्या फांद्यांवर पिजन ऑर्किड नावाचं साधं दिसणारं ऑर्किड वाढतं. दुपारी वादळी पाऊस येऊन तापमान एकदम पाच-सहा अंशांनी उतरलं की त्याच्या थांबलेल्या कळ्या जाग्या होतात आणि बरोबर नऊ दिवसांनी उमलतात. परिसरातली सगळी एकाच दिवशी, पांढरीशुभ्र, आणि दिवस संपता संपता मिटून जातात. त्यांनी दोनदा विचारलं, “नऊच दिवस?” नंतर त्यांनी कॅलेंडरवर पावसाची खूण करायला सुरुवात केल्याचं सुनेने मला कळवलं.

पण फळाचं काय? अम्माजींच्या डोंगरातलं एक झाड असं आहे की जे बर्फाला भीत नाही आणि बर्फावाचून अडतही नाही. अंजीर. उणे आठ-दहा अंश सोसतं, आणि थंडी मिळाली नाही तरी नव्या फुटीवर फळ धरत राहतं. परागीकरणाची गरज नसलेल्या त्याच्या जाती घरासाठी मिळतात. सिंगापुरात अंजिराचे हौशी पुष्कळ आहेत आणि त्यांचं यश खरं आहे. अडचण पावसाची. पान सतत ओलं राहिलं की तांबेरा येतो, पिकत आलेलं फळ फुटून आंबतं. म्हणून अंजीर मी उघड्यावर लावत नाही. मोठ्या कुंडीत, छपराच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि पाऊस अंगावर येणार नाही अशा जागी ठेवते. कुंडीखाली ताटली नाही, कारण तिच्यात पाणी साचलं की डेंग्यूच्या डासांची सोय होते आणि तपासणीला अधिकारी आले की दंड. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथले शेतकरी पावसाळ्यातल्या खट्ट्या बहारापेक्षा उन्हाळ्यातल्या मिठ्या बहाराला का मान देतात, हे इथे अंजीर लावल्यावर फार चांगलं कळतं. इथे मिळतं ते बहुतांशी खट्ट्या बहारासारखं. तरी आपल्या झाडावरचं.

अक्रोडाचा प्रश्न उरलाच होता. कठीण कवचाचं, साठवून ठेवता येईल असं फळ देणारं झाड त्यांना हवं होतं, आणि ही मागणी मला आवडली. घराच्या बागांत फळझाडांचा विचार होतो, कवचाच्या फळांचा कुणी करत नाही.

बदाम शक्य नाही. देशी बदाम, ज्याला इथे केतापांग म्हणतात, तो समुद्रकाठी जागोजागी आहे. पानं गळण्याआधी लालबुंद होतात, या बेटावर शरद ऋतूची आठवण करून देणारं तेवढंच एक दृश्य. पण त्याच्या मजल्यामजल्यांनी पसरणाऱ्या फांद्यांना मैदान लागतं, आणि कवच फोडून हाती येणारा गर करंगळीच्या नखाएवढा. मॅकाडेमियाला फुलण्यासाठी गार रात्री लागतात. नारळ छोट्या पट्टीत, खाली शेजाऱ्याची गाडी, म्हणून नको.

काजू सुचवायचा मोह मला दर वेळी होतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेली वाणं मी हाताळली आहेत, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 च्या बागांत दिवसच्या दिवस काढले आहेत. सूनही काजूचंच म्हणत होती. ओल्या काजूगराची उसळ तिच्या डोळ्यांपुढे होती. पण काजूच्या मोहराला कोरडी हवा लागते. इथे मोहर आला की पाऊस येतो, मोहर काळा पडतो, उरलेल्यावर ढेकण्या बसतो. घरगुती अंगणात मी आठवड्याआड फवारणी करायला लावू शकत नाही. शिवाय काजू आडवा पसरतो आणि बोंडाच्या चिकाने, बीच्या तेलाने लहान मुलांची कातडी भाजते. कोकणात मुलं ते शिकूनच मोठी होतात, इथली नाही. सुनेला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, आणि मलाही वाईट वाटलं.

मग मी जायफळाचं नाव काढलं.

सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवर आज नुसत्या काचेच्या इमारती आहेत, पण ते नाव पडलं 19व्या शतकात तिथे असलेल्या बागांवरून, आणि त्यांत मुख्य होतं जायफळ. त्याआधी 1822 मध्ये इथली इंग्रज वसाहत उभारणाऱ्या रॅफल्सने आताच्या फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर प्रायोगिक बाग काढली तीही जायफळ-लवंगांसाठी. ती 1829 मध्ये बंद पडली. 1840 च्या दशकात इथे जायफळाचं अक्षरशः वेड होतं. डॉ. थॉमस ऑक्सली यांनी हजारो झाडं लावली. पुढे रोगाने आणि पडत्या भावाने 1860 च्या सुमारास मळे उजाड झाले. हा इतिहास सांगितल्यावर मुलगा म्हणाला, “मग जे मेलं तेच का लावायचं?” प्रश्न बरोबर होता. एकाच झाडाचे मैलोन्‌मैल मळे आणि अंगणातलं एक झाड यांत रोगाच्या दृष्टीने फार फरक पडतो. आजही इथल्या बागांत आणि रस्त्याकडेला जायफळं चांगली वाढलेली दिसतात.

अंगणाच्या हिशेबाने या झाडात खोट काढायला जागा कमी. सदाहरित, शंकूसारखा आटोपशीर आकार, लहानपणी सावली आवडते, बारा महिने ओलावा लागतो. जे पावसाचं वाटप काजूला मारतं तेच जायफळाला मानवतं. ग्रॅनाइटवरची आम्लधर्मी लाल माती त्याला चालते, फक्त पाणी तुंबता कामा नये. आणि त्याला थांबा फारसा लागत नाही. कमी-अधिक वर्षभर फळतं. एक अडचण खरी आहे. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बीपासून केलेलं रोप नर निघालं हे कळायला सहा-सात वर्षं जातात. दापोलीत यावर चांगलं काम झालं आहे. ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ ही वाणं तिथली, आणि ‘कोकण संयुक्ता’ या वाणात नर-मादी दोन्ही फुलं एकाच झाडावर येतात. इथे मला मादीचं कलम मिळालं. त्याच्यावर नंतर नराची एक फांदी भरायची असं ठरवलं.

निर्णय मात्र माझ्या बोलण्याने झाला नाही. मी अम्माजींना फोर्ट कॅनिंगच्या मसाल्यांच्या बागेत घेऊन गेले. खाली पडलेलं एक पिवळं फळ उललेलं होतं. दोन फाकांमध्ये चकचकीत तपकिरी कवच आणि त्याला लपेटलेली लालभडक जायपत्री, ओली, बोटाला रंग न देणारी. त्यांनी ते हातात घेतलं नाही, नुसत्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अक्रोडही हिरव्या सालीत असाच असतो. साल उलली की समजायचं, झालं.” सून तोवर फळाच्या गराच्या लोणच्याबद्दल आणि पुरणात घालायच्या जायफळाबद्दल सांगू लागली होती. दोघींना पटेल असं झाड सापडलं होतं.

खड्डा खणायला बांगलादेशी सहकारी होते. इथे कुदळीला सगळे चांगकोल म्हणतात, मलय शब्द, आणि तोच आमच्या कामाच्या जागी सर्वांचा. दीड फूट खाली गेल्यावर चांगकोल खण्णकन वाजला. घर बांधताना पुरलेला विटांचा आणि काँक्रीटचा राडा. जमिनीवरच्या घरांत हे नेहमीचं आहे. वर चार बोटं चांगली माती, खाली बांधकामाचा कचरा. तो सगळा उपसून, कडेला निचऱ्याची नळी टाकून, कंपोस्ट मिसळून मग कलम बसलं. झाड दिसायला गुडघ्याएवढं आणि त्याच्यासाठी पूर्ण दिवसाचं काम, हे घरमालकाला पटवावं लागतं. लोक रोपाला पैसे देतात, खड्ड्याला द्यायला मात्र कुरकुरतात. माझ्या मते खर्च उलट असायला हवा. आणि टँगलिन किंवा चांगीच्या वृक्षसंवर्धन क्षेत्रात घर असेल तर झाडाचा घेर 1 मीटरच्या वर गेल्यावर ते परवानगीशिवाय तोडताही येत नाही. तेव्हा निवडीला द्यावा तितका वेळ कमीच.

पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक आंबा बसत होता. हापूस द्यायला मी तयार नव्हते. गार रात्री नाहीत, मोहर आला तरी पावसाने करपा पडणार, आणि फळ धरलंच तर गरात साका. कोकणात कल्टार हे संजीवक देऊन मोहर आणतात तसं इथेही करता येतं, पण मोहर आणणं आणि मोहर टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायलंडचा चोकानान आंबा वर्षातून दोनदा सहज मोहरतो, चव गोड, झाड छाटून बुटकं ठेवता येतं. सुनेने तो घेतला. हापूसची चव त्यात नाही, हे मी लावण्याआधीच सांगितलं.

कुंडीतलं ‘अ‍ॅना’ अम्माजींनी टाकू दिलं नाही. शेंड्याकडे वाढत जाणाऱ्या फांद्या त्यांनी आडव्या वाकवून दोरीने बांधल्या आहेत. कोटगढला तरुण झाडांना असंच करतात, आडव्या फांदीवर डोळे फुटायची शक्यता वाढते. दोन जागी फूट आलीही आहे. फळाची आशा मी त्यांना दिलेली नाही, त्यांनी मागितलीही नाही. छपराच्या कडेला कुंडीत ठेवलेल्या अंजिराला मात्र पानाच्या बगलेत चार हिरवी फळं आहेत, आणि वटवाघळं यायच्या आत त्यांना जाळीच्या पिशव्या बांधायच्या आहेत. आंब्याचं पाणी जानेवारी अखेरीला तोडायचं असं ठरलं आहे. फेब्रुवारी कोरडा गेला तर मार्चमध्ये मोहर दिसेल. नाही गेला, तर पुढच्या खेपेला बघायचं.